नानांच्या स्पिटफायरचा गिअरबॉक्स

माझ्या सासऱ्यांनी बिल्डरच्या माणसाला अट घातली, तेव्हा ती मला अगदीच किरकोळ वाटली होती. "गाडी स्वतःच्या इंजिनाने, स्वतःच्या चाकांवर गेटाबाहेर जाऊ दे. तिच्यामागून मी घर सोडतो," नाना म्हणाले. बिल्डरचा माणूस हसला. सोसायटीचे सेक्रेटरी धवलभाई हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "त्यात काय एवढं? मी बघतो."

माणूस आयुष्यात जी काही मूर्ख वाक्यं बोलतो, त्यातली बरीचशी 'मी बघतो' याच शब्दांनी संपतात.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर. इंग्रजी, उघड्या टपाची, दोन माणसं जेमतेम मावतील अशी. त्यातही मार्क टू, म्हणजे दुसऱ्या पिढीतली. पार्ल्याच्या वनमाला सोसायटीच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली ती कित्येक वर्षं उभी होती. नानांकडे ती कशी आली ही मोठी गोष्ट आहे, आणि ती नाना स्वतः सांगत असल्यामुळे आमच्या घरात दुसऱ्या कुणाला सांगावी लागलेली नाही. इंजिन चालू व्हायचं. जिना उतरवत होता तोवर दर रविवारी नाना खाली येऊन ते चालू करत, बॉनेट उघडून कान लावत आणि बंद करत. पण गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट तुटलेला होता. गाडी म्हणजे गळा शाबूत पण पाय गेलेला माणूस.

मी विमा कंपनीत, मोटार क्लेम्समध्ये. गाड्यांशी माझा संबंध त्या आपटल्यानंतर येतो. पण क्लेम्समध्ये असल्यामुळे मला गाड्यांतलं कळतं असा सासरच्या लोकांचा समज आहे, आणि लग्न झाल्यापासून मी तो दूर केलेला नाही.

सोसायटीतली घरं एकेक करून रिकामी झाली होती. लोक बोरिवलीला, मुलुंडला, कुणी नातेवाइकांकडे गेले होते. खिडक्यांच्या चौकटी भंगारवाल्याने काढून नेल्या होत्या. चोवीस घरांच्या त्या इमारतीत रात्रीचा एकच दिवा लागायचा, दुसऱ्या मजल्यावरचा, नानांचा. शेवटचं घर रिकामं झाल्याशिवाय पाडकाम नाही, आणि पाडकाम नाही तर नवीन इमारतही नाही. त्यामुळे तेवीस घरांचं भविष्य त्या गिअरबॉक्समध्ये अडकलं होतं आणि गिअरबॉक्स माझ्या गळ्यात.

धवलभाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. नाव, 'गाडी हलवा'. पहाटेपासून सल्ले यायचे. कुणी म्हणे ई-रिक्षाची मोटर बसवा. कुणी म्हणे नाशिकला एक मिस्त्री आहे, तो रेल्वेचं इंजिनसुद्धा दुरुस्त करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांनी गाडीचं तोंड दक्षिणेला आहे हे मूळ कारण असल्याचं कळवलं. एकाने तर सरळ लिहिलं की म्हाताऱ्याला झोपेची गोळी द्या आणि क्रेन बोलवा. त्या मेसेजला नऊ अंगठे आले होते. मी ते सगळे अंगठे कुणाचे ते पाहिलं. नानांनी ज्यांच्या मुलांना फुकट गणित शिकवलं होतं, त्यांतले बरेच त्यात होते.

"देवव्रतभाई," धवलभाई मला फोनवर म्हणाले, "गिअरबॉक्स म्हणजे डबाच ना? जुना डबा काढायचा, नवीन डबा लावायचा. आपण गॅसचा सिलिंडर नाही बदलत?"

मलाही ते पटलं. हेच तर दुःख आहे.

जोगेश्वरीला गुंफांच्या रस्त्यावर सुयोग नावाचा एक मेकॅनिक मला मिळाला. त्याचा आत्मविश्वास अफाट होता. त्याने गाडी पाहिली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "साहेब, टेन्शनच नाय. आपल्याकडे पूर्वी स्टँडर्ड हेराल्ड बनायची ना, तिचीच ही बहीण. हेराल्डचा गिअरबॉक्स बसवू. सेम टू सेम. डोळे बंद करून बसतो." पुढे मला कळलं की तो खरोखरच बरीचशी कामं डोळे बंद करून करतो.

भंगारातून हेराल्डचा गिअरबॉक्स मिळाला. सुयोगने आणि मी तो गोणपाटात घालून दुसऱ्या मजल्यावर नेला, कारण नानांना तो खाली येऊन बघणं शक्य नव्हतं. त्यांचं हृदय थकलं होतं. पाय सुजून उशीसारखे झाले होते, गळ्यात मानेचा पट्टा होता. डॉक्टर आम्हाला जिन्यात गाठून म्हणाले होते, "आता फार दिवस धरू नका. धावपळ होऊ देऊ नका." नाना पलंगावर बसून होते आणि धावपळ तेवढी मी करत होतो.

नानांनी चष्मा लावला, गिअरबॉक्सचं झाकण काढायला लावलं, बोटाने आतलं चाक फिरवलं.

"हा कुठल्या इंजिनाचा आहे, जावईबापू?"

"हेराल्डचा. बहीण आहे ती," मी म्हणालो.

"बहीण आहे, कबूल. पण बहिणीचं मूत्रपिंड लावतानासुद्धा आधी जुळतंय का ते बघतात. हे दाते नऊशे अठ्ठेचाळीस सीसीच्या हिशोबाने कापलेत. माझं इंजिन अकराशे सत्तेचाळीसचं. चालणार नाही."

"चालेल हो नाना, फक्त गेटापर्यंतच तर जायचंय," सुयोग म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गोणपाट शोधायला लागला.

मग मी केयूरला फोन केला. केयूर माझा मावसभाऊ, इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याला मी सांगितलं, स्पिटफायरचा गिअरबॉक्स पाठव. आता 'स्पिटफायर' म्हटलं की स्पिटफायर, असं आपल्याला वाटतं. आपण बाजारात जाऊन आंबा मागतो, तसं. त्यानेही बिचाऱ्याने विचारलं नाही आणि सगळ्यात सहज मिळतो तो पाठवला.

तो विमानतळाजवळच्या कार्गोच्या ऑफिसात अडकला. कागदावर वस्तूचं नाव 'ट्रान्समिशन युनिट' असं लिहिलेलं होतं. खिडकीतल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"ट्रान्समिशन म्हणजे वायरलेस का? त्याला परवाना लागतो."

"नाही, हा गाडीचा गिअरबॉक्स आहे."

"मग तसं लिहायचं ना. इथे ट्रान्समिशन लिहिलंय. काय ट्रान्समिट करतं ते?"

"शक्ती," मी म्हणालो. "इंजिनाची शक्ती चाकांना."

हे उत्तर मला फार नेमकं वाटलं होतं. साहेबांनी मान वर करून शेजारच्या टेबलाला सांगितलं, "हे गृहस्थ शक्ती ट्रान्समिट करतात म्हणे." सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. त्यानंतर मी त्या खिडकीशी इतक्या वेळा गेलो की तिथला शिपाई मला 'शक्तीवाले' म्हणून हाक मारू लागला. शेवटी मी ऑफिसमध्ये आमच्याच कंपनीच्या लेटरहेडवर, क्लेम्स विभागातर्फे, सदर वस्तू कोणत्याही प्रकारे बोलत अथवा ऐकत नाही, असं प्रमाणपत्र दिलं. ते चाललं. त्याबद्दल मला ऑफिसात जे काही ऐकून घ्यावं लागलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

इंग्लंडचा गिअरबॉक्स पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेला. नाना त्या आठवड्यात बरेच खालावले होते. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना थांबावं लागायचं. पण गिअरबॉक्स पाहिला आणि त्यांच्या आवाजात जोर आला.

"हा पंधराशेचा," ते म्हणाले. "शेवटच्या पिढीचा. बसा, सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. मार्क वन, टू आणि थ्री, या तिन्ही गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. सिंक्रो म्हणजे पितळेची एक कडी. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकण्याआधी ती त्यांचा वेग जुळवून घेते. ती नसली की गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, आणि जबरदस्ती केली तर गाडी किंचाळते. मार्क फोरला ती कडी पहिल्या गिअरवरही आली. पंधराशेला तर अख्खा डबाच बदलला. गिअर टाकणाऱ्या रॉडची रचना निराळी, मागे चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट निराळ्या मापाचा, मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचे दाते निराळे. "एक गोष्ट बदलली की मागची प्रत्येक गोष्ट बदलावी लागते," नाना म्हणाले. "हा लावायचा तर प्रॉपेलर शाफ्ट आणा. तो आणलात तर मग डिफरन्शियल बघावं लागेल. मग अ‍ॅक्सल."

"म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"घाईने केलेलं काम..." नाना म्हणाले आणि त्यांना खोकला आला. बराच वेळ आला. गंधाली, माझी बायको, स्वयंपाकघरातून वाफेचं मशीन घेऊन धावत आली.

त्या संध्याकाळी मी गंधालीला प्रॉपेलर शाफ्टच्या किमती सांगत होतो. आम्ही अंगणात गाडीजवळ उभे होतो. माझ्या कपड्यांना ग्रीस होतं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवर थोडा खूष होतो. मला आता सिंक्रो म्हणजे काय ते कळत होतं.

"देवव्रत, तुला खरंच कळत नाहीये का रे?" ती म्हणाली.

"काय?"

"नानांना ही गाडी चालू व्हायला नकोच आहे."

मी किमतींचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"गाडी हलली की ते हलणार. नवीन बिल्डिंग व्हायला तीन-चार वर्षं लागतील. तेवढी त्यांच्याकडे आहेत का? ते त्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी आपल्याला जिन्यात सांगितलं ना, ते त्यांनी दारातून ऐकलंय. त्यांना इथेच जायचंय, आपल्या पलंगावर. आणि तू आपला लंडनहून डबे मागवतोयस."

"लेस्टरहून," मी म्हणालो. माझ्या तोंडून हेच निघालं.

ती रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार होतो, पण हाताला ग्रीस होतं.

त्यानंतर मी गाडीचा नाद सोडून दिला. सुयोगला सांगितलं, दम खा. ग्रुपवर खोटं लिहिलं की भाग यायचे आहेत. आता नानांच्या बाजूने मीही वेळ काढू लागलो होतो आणि मला ते जमत होतं, कारण क्लेम्स विभागात आम्ही दुसरं काय करतो? नाना रोज मला विचारत, "मार्क टूचा कुठे मिळतोय का?" आणि मी म्हणत असे, "शोधतोय." आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता हे बोलायचो. लग्नानंतर इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदाच इतकं पटलं होतं.

मग एका सकाळी दर्शनाताई आल्या. तळमजल्यावरच्या, पाळणाघर चालवायच्या, यजमान गेल्यावर एकट्याच राहायच्या. आता मुलुंडला बहिणीकडे होत्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. आम्हाला वाटलं भांडायला आल्या. पण त्यांनी नानांसाठी डब्यातून अळूवड्या आणल्या होत्या.

"कसे आहात, शरदभाऊ?"

"ठीक. तुम्ही?"

त्यांनी डबा नानांच्या उशाशी ठेवला. मग म्हणाल्या, "मी बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपते. ओट्याखाली. सकाळी तिच्या सुनेला चहा करायचा असतो, म्हणून सगळ्यांच्या आधी उठून गादी गुंडाळते. ती काही बोलत नाही हो, चांगली आहे. पण भांडी जोरात ठेवते." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "माझंही वय झालंय. मलाही वाटतं, आपल्या दाराच्या आतून कडी लावून एकदा झोपावं. मला ते बघायला मिळेल की नाही, देव जाणे. पण उशिरा सुरू झालं तर नक्कीच नाही मिळणार."

एवढंच बोलून त्या डबा तिथेच ठेवून गेल्या. ना आवाज चढवला, ना कुणाला दोष दिला.

नानांनी डबा उघडून पाहिला आणि झाकण पुन्हा लावलं. अळूवडीला त्यांनी हात लावला नाही. मग मला म्हणाले, "जावईबापू, त्या जोगेश्वरीच्या मुलाला बोलवा."

"नाना, भाग अजून..."

"जो असेल तो लाव म्हणावं. हेराल्डचा, पंधराशेचा, कुकरचा. काहीही."

गंधालीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

सुयोगने काम केलं. म्हणजे त्याच्या पद्धतीने केलं. वरचं कवच नानांच्या जुन्या गिअरबॉक्सचं, आतली चाकं हेराल्डची, आणि गिअरच्या दांड्यापासून आत जाणारा रॉड गंजून गेला होता म्हणून पंधराशेचा कापून वेल्डिंग केलेला. तीन पिढ्या एका डब्यात कोंबल्या होत्या. एकत्र कुटुंब म्हणा. ते कसं चाललं असेल याची कल्पना वाचकांना यायला हरकत नाही.

ग्रुपवर निरोप गेला आणि रविवारी सगळी सोसायटी जमली. मुलुंडहून, बोरिवलीहून, घाटकोपरहून लोक आले. कुणी पोरांना घेऊन आले, कुणी फुलं आणली. जोश्यांनी नारळ आणला. नानांना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बूट मात्र सुजेमुळे चढेनात, म्हणून पायात स्लिपर होत्या. स्टिअरिंगमागे त्यांना बसवायला आम्ही तिघं लागलो.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलून पाय क्लचवर ठेवला, दांडा पहिल्या गिअरकडे ढकलला. खर्र. दुसऱ्याकडे. खर्र. तिसऱ्याकडे दांडा गेलाच नाही. टाळ्या थांबल्या. सुयोग गाडीखाली घुसला आणि बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"तो रॉड बोटभर तोकडा पडतोय, साहेब. पुढचे गिअर पकडतच नाय. फक्त रिव्हर्स लागतो."

धवलभाईंनी कपाळाला हात लावला. "वाट लागली," कुणीतरी मागून म्हणालं. मग एकजण म्हणाला, "ढकलून काढू या ना, काय फरक पडतो?" आणि पाच-सहाजण पुढे आलेही. त्यात ते अंगठेवाले होते. मी गाडीसमोर उभा राहिलो. मला काहीतरी करारी बोलायचं होतं, पण मी फक्त "अहो, थांबा ना जरा" एवढंच म्हणालो, आणि माझी स्लिपर चिखलात रुतली.

"सरका सगळे," नाना म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण लोक सरकले. "स्वतःच्या इंजिनाने, स्वतःच्या चाकांवर. तोंड कुठे हवं ते मी बोललो नव्हतो. बसा, जावईबापू."

मी शेजारी बसलो. गाडी शेडमधून काढून, तोंड इमारतीकडे करून ठेवली होती आणि गेट तिच्या पाठीमागे होतं. नानांनी रिव्हर्स टाकला. तो लोण्यासारखा पडला.

"माझी मान वळत नाही," ते म्हणाले. "मागचं तुम्ही बघा. मला इकडे बघू द्या."

मी पूर्ण वळून मागे बघत बसलो आणि सांगत राहिलो. थोडं डावीकडे, नाना. आता सरळ. कुंडी आहे. सरळ. गाडी मुंगीच्या पावलांनी मागे जात होती. नाना समोर बघत होते. समोर इमारत होती, खिडक्यांच्या जागी भोकं पडलेली. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, गॅलरीत गंधालीच्या आईने हयातीत लावलेला झोपाळ्याचा जुना हूक. मी एकदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते रडत नव्हते. ते एकेक खिडकी बघत होते, खालून वर, जसं आपण लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचं तोंड बघतो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जोशी नारळ हातात धरून तसेच उभे राहिले. दर्शनाताई शेडच्या खांबाला धरून उभ्या होत्या. गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा नानांनी स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, त्यांनी मान डोलावली.

मागचं चाक गटारावरच्या फरशीवरून खाली रस्त्यावर उतरलं.

"बाहेर आलो का?"

"आलो, नाना."

"मागून काही येतंय?"

"रिक्षा आहे. थांबलीय."

"थांबू दे," नाना म्हणाले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, दोनदा दिला, मग का कोण जाणे, हॉर्नवरचा हात काढला. नानांनी गेटातून दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि ती किल्ली काढून धवलभाईंना नाही, मला दिली.

"बरं झालं," ते म्हणाले. "पुढे तोंड करून गेलो असतो तर हे दिसलं नसतं."

बोरिवलीच्या भाड्याच्या घरात नानांना फार दिवस काढावे लागले नाहीत. अकराव्या मजल्यावरची ती खोली त्यांना आवडली नाही, आणि आवडून घेण्याइतका वेळही झाला नाही. एका दुपारी गंधाली त्यांना पेज भरवत होती, तेव्हा ते गेले. वनमालाच्या जागी त्या आठवड्यात नुकतं खोदकाम सुरू झालं होतं.

गाडी जोगेश्वरीला सुयोगच्या गॅरेजात आहे. तो अधूनमधून फोन करतो. रॉड आता मापाचा मिळालाय, एका दिवसाचं काम आहे, पुढचे चारही गिअर लागतील, असं म्हणतो. परवा त्याचा फोन आला तेव्हा गंधाली शेजारीच होती. मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं, करू का म्हणून.

"राहू दे रे," ती म्हणाली. "आपल्याला कुठे जायचंय?"